अकरावं आवर्तन

बायको माझ्या पाठीमागे कोसळत होती आणि मी तिला तळहात दाखवून ‘थांब’ म्हणत होतो. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

आमच्या कोथरूडच्या घरात दर मंगळवारी मी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करतो. मध्ये बोललो तर पुन्हा पहिल्यापासून, हा नियम माझाच. गणपतीने कधी मागितला नव्हता. अकराव्या आवर्तनाला स्वयंपाकघरात भांडं पडलं. तिने काहीतरी अस्पष्ट हाक मारली. मी डोळे न उघडता हात वर केला. मोठा ऋषीच लागून गेलो होतो.

तेवढ्यात फुलपुडी देणाऱ्या लताबाई परत आल्या, दूर्वा द्यायच्या राहिल्या म्हणून. एरवी दारात कोणी नसलं तर पुडी कडीला अडकवून जातात. त्या दिवशी जाळीच्या दारातून त्यांना ही जमिनीवर बसलेली दिसली.

“काका, उठा आधी. देव कुठं जात नाही. काकूंचं तोंड वाकडं झालंय.”

त्यांच्या नवऱ्याचं असंच झालं होतं आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला होता. म्हणून त्यांनी ओळखलं. शेजाऱ्यांच्या गाडीत त्याही बसल्या. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्या नीट होत्या असं शेवटचं कधी पाहिलंत? मी म्हणालो, “अकराव्या आवर्तनाच्या आधी.” बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा पेशंट मीच. लताबाईंनी सांगितलं, “सातला काकूंनी माझ्याकडून फुलं घेतली, चांगल्या बोलल्या, खाली सातची शाळेची बस उभी होती.”

जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन तिथे अडकलेली रक्ताची गुठळी ओढून काढायची होती. सही करून मी बाहेर बसलो. उरलेली आवर्तनं पुरी करावीत म्हटलं, तर एक ओळ आठवेना. इतकी वर्षं ‘तूच कर्ता’ म्हणत हिशोब मात्र मीच ठेवत आलो होतो. शेजारी लताबाईंच्या पिशवीत लोकांची फुलं कोमेजत होती. मी गणपतीला फक्त म्हणालो, तुला हवं ते कर.

डॉक्टरीणबाई लवकर बाहेर आल्या. गुठळी पहिल्याच ओढीत निघाली, म्हणाल्या. हे काम जितकं झटपट उरकतं, तितकी माणूस सावरण्याची आशा जास्त. आता वाट पाहू. आत त्यांनी मिनिटं वाचवली होती, घरी मी ती घालवली होती.

दुसऱ्या दिवशी तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“अहो, पूजा झाली?”

मला रडू आवरेना. तिला वाटलं, पूजा राहिली म्हणून रडतोय.

आता ती चालते, बोलते. उजव्या हाताने पोळी लाटायला अजून जमत नाही, म्हणून लाटतो मी, नकाशे होतात. लताबाई आता बेल वाजवतात आणि मी उठून दार उघडतो. मंगळवारी ही मुद्दाम हाक मारते, काम काही नसतं. मी उठतो, जाऊन बघतो, परत येऊन बसतो. एकवीस आवर्तनं त्यानंतर एकदाही पुरी झालेली नाहीत.