गजभिये मॅडमची कुपी

गजभिये मॅडम कॉलेजात आल्या की आधी फ्रीजरच्या दाराला हात लावायच्या, मग आम्हाला "जय भीम". साकोलीच्या त्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि त्यांची चेष्टा करायचो. त्या म्हणायच्या, "हसा, हसा! यातलं बिघडलं तं रडाले कोणी येत नाही."

फ्रीजरमध्ये त्यांची एक कुपी होती. तिच्यात इंटरल्यूकिन-टू. माणसाचंच प्रथिन, पण जीवाणूंकडून बनवून घेतलेलं, विरघळवून गोठवलेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते दिलं की त्या शरीराबाहेरही जगतात, वाढतात. सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकडं करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, माणसाला साधा तापही एवढा का लोळवतो, हे मॅडमना शोधायचं होतं. आमचीच विद्यार्थिनी, सिहोऱ्याची कुंदा, त्यासाठी रक्त द्यायला तयार झाली. तिलाही सिकलसेल होता. भाऊ त्यातच गेला होता.

खंडेनवमीला मॅडम सिहोऱ्याहून तिचं रक्त घेऊन आल्या, तर प्राचार्यांनी प्रयोगशाळेत पूजा मांडलेली. सूक्ष्मदर्शक, तराजू, झेंडूचे हार, आणि मधोमध ताटात ती कुपी, कुंकू लावून! सकाळपासून खिडकीतल्या उन्हात! म्हणे, सगळ्यात महागडी वस्तू पूजेत नको का? अरे, विचारायची काही रीत?

"पूजेले माही ना नाही, सर," मॅडमनी ताटातली कुपी उचलली. "पण हे काहून काढलं?"

"दूध आहे का ते नासायला? वापरा तसंच. कोणाला कळतंय?"

"दूध नासलं तं वास तरी येते. हे नासलं तं खोटं उत्तर देते. तेच लिहू काय मी?"

मॅडमनी ती कुपी वापरली नाही, आणि कुंदाच्या पेशी मेल्या. कुंदाला सांगायला मॅडम स्वतः गेल्या, मी सोबत होतो. ती पोरगी बाही वर करत म्हणाली, "मंग अखीन घ्या ना, मॅडम." पण घेऊन करणार काय? दुसरी कुपी मागितली की प्राचार्यांचं एकच, "पुढच्या वर्षी बघू."

उन्हाळ्यात कुंदा तापानं गेली. शोकसभेत प्राचार्य गळा काढून म्हणाले, "दैवापुढे कोणाचं चालतं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात मॅडम उठल्या.

"कुपी असती तं ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण ती काहून गेली, हे शोधाची सोयच तुम्ही ठेवली नाही. दैवाचं नाव कायले घेता?"

प्राचार्यांनी घाईघाईनं दोन मिनिटं मौन पुकारलं. सगळे माना खाली घालून उभे राहिले. मॅडम बोलतच बाहेर पडल्या, त्या पुन्हा कॉलेजात आल्या नाहीत.