बाहीवरची घडी

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलं की याला फोन जातो, हा धावत जातो आणि बंद दाराला तोंड लावून आतल्यांना सांगतो, "घाबरू नका, मी आलोय." आवाज असा की ऐकणाऱ्याचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडावा. जगाला सोडवत फिरणारा हा माणूस स्वतः मात्र सिगारेटीतून सुटत नव्हता. त्याची ही गोष्ट आहे, आणि त्यात मी कशी वागले त्याचीही. त्याची सांगायला सोपी आहे.

घरात त्याला बारक्या म्हणतात. आता पोट चांगलं सुटलंय, नाव काही सुटलं नाही. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी चौदाची. वडील फिरतीच्या नोकरीवर. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, तापात उशाशी बसणं, सगळं मी केलं. मी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगते, वेळ मिळाला नाही.

घराखालीच माझी लाँड्री आहे. पुढं काउंटर, मध्ये वाफेच्या इस्त्रीचं टेबल, मागं कपडे वाळत घालायचं अंगण आणि अंगणात उतरायला दोन पायऱ्या. गिऱ्हाइकाच्या कपड्याला आम्ही आतून नंबर घालतो, धुण्यात न जाणाऱ्या शाईनं. बारक्याचा नंबर एक. दुकान उघडलं त्या दिवशी पहिला शर्ट त्याचाच धुतला होता.

सतराव्या वर्षी तो ओढायला लागला. हे मला त्यानं सांगितलं नाही, त्याच्या कॉलरीनं सांगितलं. धुवायला टाकलेला कपडा खोटं बोलत नाही. मी रागावले, रडले, आठ-आठ दिवस अबोला धरला. ठिणगीनं पडलेली भोकं रफू करता करता त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. माझ्या शब्दाखातर त्यानं दोनदा सोडली. एकदा नऊ दिवस, एकदा अकरा. पुढं मीच कंटाळले. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

मग छत्तिसाव्या वर्षी त्यानं लग्न केलं. भावजय चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. बोलते कमी, बघते फार. लग्नाआधी ती त्याला एवढंच म्हणाली, "मला त्या वासाशेजारी झोप लागणार नाही." यानं त्याच संध्याकाळी पाकीट कचऱ्यात टाकलं. एकोणीस वर्षं मी घसा कोरडा केला आणि हिचं एक वाक्य पुरलं! जो तो तिचं कौतुक करायला लागला. "बायको असावी तर अशी," लोक माझ्याच काउंटरला टेकून मलाच सांगायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भाऊ सुधारला, आनंद व्हायला हवा, हे मला कळत होतं. नाही झाला. मला तिचा हेवा वाटला, आणि तो रोज सकाळी माझ्याआधी उठून बसायचा.

वर त्याचे शर्ट माझ्याकडे यायचे बंद झाले. ती ते घरीच धुते, घरीच इस्त्री करते. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा पाहिलं, बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत सुरीसारखी घडी. आम्ही धंदेवाले बाहीला घडी पडू देत नाही. छोट्या फळीवर बाही चढवायची आणि फिरवत फिरवत इस्त्री करायची, अशी आमची रीत. घडीची बाही म्हणजे घरगुती हात. जेवण उत्तम झालं होतं, पण मी घरी आले ती त्या घडीवर खूश होऊन.

लग्नाला चार महिने झाले आणि एका संध्याकाळी साडेसहाला बारक्या दुकानात आला. वास आधी आत आला, तो मागून.

"किती?" मी विचारलं.

"एकच." तो सरळ मागं जाऊन पायरीवर बसला. "एक आजीबाई अडीच तास अडकली होती गं. तिला धाप लागली होती, दारातून ऐकू येत होती. काढली बाहेर, बरी आहे. पण ती धाप काही माझ्या कानातून जाईना. कामावरच्या जोडीदारानं पेटवून पुढं केली, मी घेतली." मग बराच वेळ तो चपलेनं अंगणातली माती उकरत राहिला. "चार महिने पाण्यात गेले, ताई. तिला सांगू नकोस."

तिला सांगू नकोस! एवढ्या महिन्यांत इतकं गोड कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. आतून मी खूश होते आणि चेहरा मी असा लांब केला होता की बघणाऱ्याला वाटावं, दुकान बुडालं. म्हटलं, "काढ शर्ट."

सिगारेटीचा वास घालवणं मला अवघड नाही. भरपूर वाफ, मग पंख्यासमोर हँगर, वीस मिनिटांत कपडा निर्मळ. तोवर तो बनियनवर पायरीवर बसला. निघताना मी त्याच्या हातावर दोन लवंगा ठेवल्या. तो गेल्यावर मी टेबल आवरताना गुणगुणत होते. माझं मलाच ऐकू आलं तेव्हा गप्प झाले.

दोन दिवसांनी तो परत आला. मग रोज यायला लागला. "आजची शेवटची, उद्यापासून बंद," हे रोजचं. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. राखेसाठी मी बटणांच्या डब्याचं झाकण काढून दिलं. ज्या बाईनं एकोणीस वर्षं त्याला पेटती सिगारेट घेऊन दुकानाच्या पायरीशी उभं राहू दिलं नाही, तिनं! तो आतून पोळलेला असायचा. म्हणायचा, "दिवसभर बरा असतो गं मी. मग वाटतं, एक तर ओढलीच आहे, आता काय उरलंय? या एकाच विचारानं माझी वाट लावलीय." मी मान डोलवायची, शर्टावर वाफ सोडायची. बायकोला न सांगितलेल्या गोष्टी तो मला सांगायचा आणि मी त्या मोजून ठेवायची. खोकला लागला की मी वाफ जरा जोरात सोडायची, म्हणजे तो मला ऐकू यायचा नाही.

एक दिवस त्यानं न ओढताच पाकीट माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याकडे ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस. आणि ताई, थोडे दिवस मी पलीकडच्या रस्त्यानं घरी जाणार आहे. ही पायरी दिसली की माझा हात खिशात जातो."

"शहाणा आहेस," मी म्हटलं. पाकीट सुयांच्या खणात टाकलं.

पहिल्या दिवशी साडेसहाला मी दाराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सहापासूनच बघत होते. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा सदरा दुसऱ्याला दिला, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती दोघं यायची, चहा पीत बसलेली, तो पुन्हा जिंकलेला, ती पुन्हा कौतुकाची धनीण. आणि मी वाफेत. म्हणजे चांगला झाला की तिचा, आणि बिघडला तरच माझा!

पाचव्या दिवशी मी फोन केला.

"अरे, तुझं ते पाकीट इथंच पडलंय. त्याचं काय करू?"

तो म्हणाला, "टाकून दे ना."

"तुझी वस्तू, मी कशी टाकू? बरं, राहू दे. आज काम काही नाही, बसलेय आपली."

"येतो," तो म्हणाला.

आला. तीन ओढल्या. त्याची काडी वाऱ्यानं दोनदा विझली, तिसरी काडी मी पेटवून धरली. मी काय करतेय ते मला माहीत होतं. नकळत झालं असं मी कुणालाच सांगणार नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी भावजय दुकानात आली. तिनं पिशवीतून बारक्याचा निळा शर्ट काढला आणि काउंटरवर पसरला.

"ताई, यात काही दिसतंय का तुम्हाला?"

"डाग आहे कुठं?" मी म्हटलं.

"डागच नाही, तेच म्हणतेय. माणूस दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो आणि संध्याकाळी नवरदेवासारखा कडक शर्ट घालून घरी येतो." तिनं बाहीवरून बोट फिरवलं. "सकाळी मी इस्त्री करते तेव्हा इथं घडी असते. घरी येतो तेव्हा घडी नसते. घडी मोडत नाही, ताई. नाहीशीच होते. मला पहिल्याच दिवशी कळलं."

मी इस्त्रीकडे बघितलं. पंचवीस वर्षांची सवय. वास काढायला टेबलावर घेतलेला शर्ट मी नुसता वाफवून कसा देणार? बाही फळीवर चढवल्याशिवाय माझ्या हातून कपडा सुटतच नाही. चोरी करायची आणि वर आपला शिक्का मारून द्यायचा, असा चोर मी एकटीच असेन.

"मग बोलली का नाहीस?" मी उलटी तिच्यावरच चढले.

"काय बोलू? माझ्यासमोर तो नुसता जिंकलेला असतो. दात घासून, हसत. हरायला तो तुमच्याकडे येतो." तिनं शर्ट स्वतःकडे ओढून घेतला. "मला फार राग येतो तुमचा. मी त्याला काहीच म्हटलं नसतं हो, पण त्याला ते माझ्याकडे आणवत नाही. तुम्ही त्याला सहा वर्षांचा असल्यापासून बघितलाय, मी आत्ता आले. कुठून आणू ती वर्षं?"

ही माझ्यावर जळत होती. माझ्यावर! मी इतकी चकित झाले की हसूच येणार होतं.

"मधे चार दिवस शर्ट चुरगळून आला," ती म्हणाली. "तेलाचे डाग, घामाचा वास. मी तो उराशी धरून बसले होते. पाचव्या दिवशी पुन्हा कडक. त्या दिवशी काय झालं, ताई?"

सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते एवढंच, "मला काय माहीत, बाई? त्यालाच विचार."

तिनं माझ्याकडे बघितलं. माणसाला नेमकं काय दिसत नाही हे ओळखणं तिचं कामच आहे. शर्टाची घडी घालून ती निघून गेली.

संध्याकाळी साडेसहाला बारक्या आला. शर्ट काढून त्यानं माझ्याकडे दिला, बनियनवर पायरीवर बसला आणि ओढली. मी शर्ट हातात धरून उभी राहिले. बाहीवर तिची घडी होती, दिवसभरात दहा ठिकाणी मोडलेली, तरी खांद्यापासून मनगटापर्यंत सलग दिसत होती. ओढून झाल्यावर त्यानं हात पुढं केला. मी शर्ट तसाच दिला.

"अगं, वास येतोय. असा कसा जाऊ?"

"असाच जा."

"तिला कळेल."

"तिला पहिल्या दिवसापासून कळलंय. मी मूर्खासारखी बाह्या गोल करून देत होते." मी खाली त्याच्या शेजारी बसले. पायरी दोघांना पुरत नाही, तरी बसले. "आणि आणखी एक ऐक. मी फोन केला होता ना, तो पाकिटासाठी नव्हता. तू येत नव्हतास म्हणून केला. तू आलास की ओढणार, हे मला माहीत होतं. तरी केला."

तो रागावेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं, उलट ओरडायला मी तयार बसले होते. तो शर्टाची बटणं लावत राहिला, खालून वर, लहानपणी मी शिकवलं होतं तसं.

"मग तसं म्हणायचं ना, ताई," तो म्हणाला. "ये म्हणायचं. मी आलो असतो."

एवढं बोलून तो त्या वासाच्या, चुरगळलेल्या शर्टात घरी गेला. मी पाकीट बादलीत भिजवलं, झाकण घासून बटणांच्या डब्यावर बसवलं आणि मग फार रडले. भाऊ गेला म्हणून नाही. ये म्हणायला मला सदतीस वर्षांत सुचलं नाही म्हणून.

त्या रात्री त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. विचारायची खुमखुमी अजून आहे, दाबून धरलीय.

पुढं आठवडाभर तो आला नाही. आठव्या दिवशी सकाळी मी फोन केला. "ये," म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी तो आला. पायरीवर नाही, काउंटरशीच स्टूल ओढून बसला आणि लवंग मागितली. म्हणाला, मधे एक झाली, चौथ्या दिवशी. त्याच संध्याकाळी तिला सांगितली. ती म्हणाली, बरं, मग पुन्हा एकपासून मोजू. आज चौथा आहे.

तिला आधी सांगितलं. मला आज कळतंय. झोंबलं, खोटं कशाला बोलू?

तो बोलत होता, हातवारे करत होता. बाहीला कोपराशी तेल लागलं होतं, कफ चुरगळला होता, आणि घडी पार वाकडी झाली होती. शेजारी इस्त्री तापलेली होती. माझे हात शिवशिवत होते. मी ते दोन्ही मांडीखाली दाबून बसले आणि त्याचं ऐकत राहिले.