लाल फुलीखालचा माणूस

मुलगी सातवीत होती तेव्हा शाळेत तिच्या वाट्याला माया लोकांच्या एका प्राचीन नगराचा प्रोजेक्ट आला. मस्कतच्या आमच्या भारतीय शाळेत प्रोजेक्ट म्हणजे मुलांनी विषय घरी आणायचा आणि आईबापांनी डिंकात हात घालायचे. नगराचं मॉडेल करायचं होतं, चार्ट करायचे होते, शिवाय जवळपासचं एखादं उद्ध्वस्त शहर पाहून त्यावर लिहायचं होतं. मुलीने सरळ मेक्सिकोची तिकिटं काढायला सांगितली. मी म्हटलं, सूरच्या अलीकडे कल्हात आहे, तेही पडलेलंच आहे, दोन तासांत पोचतो.

मॉडेलचं काम माझ्या मित्राने घेतलं. आम्ही दोघं एकाच कंपनीत. मी अल् खुवैरच्या ऑफिसात एसीत बसून इमारतीला किती विटा लागतील ते काढणारा, तो सुतारकामाच्या वर्कशॉपचा फोरमन. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातला, माझ्याच वयाचा, छातीपर्यंत दाढी. बायकापोरं गावी, त्यामुळे दर शुक्रवारी जेवायला आमच्या बौशरच्या घरी. माझ्या मुलीला घरात माझ्यापेक्षा त्याचं जास्त कौतुक होतं आणि ते मला अधूनमधून खुपायचं, हे आधीच सांगून टाकतो. त्याने प्लायवुडच्या पट्ट्या कापून पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ असं काही बेमालूम जोडलं, की मुलगी दिवसभर त्याच्यावर बोटांनी चढत-उतरत होती.

कल्हातलाही तो आला. बायकोला ऊन सोसत नाही, ती घरी राहिली. डबे आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी त्याच्या खांद्यावर, मुलगी वही घेऊन पुढे, आणि मी मागून माहिती देत. मला माहिती द्यायची खोड आहे. इथे एके काळी मोठं बंदर होतं, घोडे इथून हिंदुस्थानात जायचे, मग भूकंप, मग पोर्तुगीज. कुणी ऐकत नव्हतं. समुद्राच्या वरच्या उतारावर दगडांचे ढीग, मधूनच एखादी भिंत, आणि कुणा राणीने बांधलेली म्हणतात ती घुमट ढासळलेली कबर. मुलगी म्हणाली, "बाबा, हे same to same माया आहे. लोक गेले आणि stones राहिले." मित्र म्हणाला, "लोक खयं जातत? आपल्यासारकेच कामाला गेले असतील दुसऱ्या गावाला."

कबरीच्या मागे मला तो रंगीत फरशीचा तुकडा दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा, निळसर हिरवा, झिलईवर अर्धं पान रंगवलेलं. आता एक गोष्ट सांगायला हवी. मी मूळ साताऱ्याकडचा. कॉलेजात असताना दर रविवारी आमचं टोळकं कुठला ना कुठला किल्ला चढायचं, आणि गडावरून रिकाम्या हाताने उतरायचं नाही हा आमचा नियमच होता. कुणी दगड आणायचा, कुणी कौलाचा तुकडा. घरी माझ्या टेबलावर ओळीने मांडलेले असायचे, आणि त्याला आम्ही प्रेम म्हणायचो. मी वाकलो, तुकडा उचलला, पुढे चाललेल्या मित्राला गाठलं आणि पाणी घेण्याच्या निमित्ताने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. मुलीच्या चार्टवर चिकटवला तर काय उठून दिसेल, एवढंच डोक्यात होतं. शिरताना फाटकावर पाटी होती, इथलं काहीही उचलू नये. ती मीच मुलीला वाचून दाखवली होती.

परत आलो तर फाटकाशी म्हातारा राखणदार उभा होता. अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात काठी. इथल्या बऱ्याच जुन्या माणसांसारखं त्यालाही हिंदी येत होतं. त्याने मला विचारलं, "तुमने नीचे से कुछ उठाया?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्याने पिशवी मागितली. मित्राने हसत हसत दिली, म्हणाला, "देखो बाबा, भाकरी और लोणचा है." म्हाताऱ्याने बाहेरच्या कप्प्यात हात घातला आणि तो तुकडा काढून तळहातावर धरला.

मित्राने आधी तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या मुलीकडे. एवढं बघायला दोनतीन सेकंद लागतात. तेवढा वेळ त्याने मला दिला होता. मी खाली बघून बुटाला लागलेली माती दुसऱ्या बुटाने पुसत होतो.

"गलती हो गया बाबा," तो म्हणाला. "मैंने उठाया."

म्हाताऱ्याने आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. त्याने मित्राच्या दाढीकडे बोट केलं आणि विचारलं, "नमाज पढ़ता है?" मित्राने मान खाली घालून हो म्हटलं. "और कबर के पास से उठाता है? हराम." मग त्याचं रेसिडेंट कार्ड मागून नाव आणि नंबर वहीत उतरवून घेतला. हा कागद वर गेला असता, कंपनीला पत्र आलं असतं, तर माझ्यासारख्याला फार तर समज मिळाली असती. वर्कशॉपमधल्या माणसाला कंपनी सरळ घरी पाठवते. हेही मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. तरी तोंड उघडलं नाही.

गाडीत मुलीने विचारलं, "काका, तुम्ही चोरलं?"

"हां बाय, चुकलं," तो म्हणाला.

नंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. एरवी दोघांची बडबड बंद करायला मला रेडिओ लावावा लागायचा. त्या दिवशी मी रेडिओ लावला, कारण कुणीच बोलत नव्हतं.

घरी पोचल्यावर मुलगी वर गेली. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर त्याने हात वर केला. "पोरीच्या देखत बापसाला मान खाली घालायला लागू नये म्हणून केलं. खलास. पण तू सांग तिला. आजच सांग असं नाय. पण सांगशील ना?"

"सांगतो," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि पिशवी माझ्या हातात देऊन गेला.

नाही सांगितलं. आधी म्हटलं, प्रोजेक्ट होऊ दे, तिचं लक्ष उडेल. मग म्हटलं, आता तीही विसरली असेल. पुढचे काही आठवडे मित्र कंपनीतून फोन आला की दचकायचा. कागद आला नाही. म्हाताऱ्याने नाव बहुधा वहीतच ठेवलं. आणि कागद आला नाही म्हणजे आपलं काही बिघडलं नाही, असा सोयीचा हिशोब मी केला. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला असे हिशोब पटापट जमतात.

शाळेचं प्रदर्शन गुरुवारी होतं. मित्र खास धुतलेला शर्ट घालून, वर्कशॉपमधून अर्धा दिवस मागून आला होता, कारण देऊळ त्याने केलेलं. देवळाशेजारी तीन चार्ट होते. तिसऱ्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, उद्ध्वस्त नगर पाहायला गेल्यावर काय करू नये. खाली चित्र. छातीपर्यंत दाढीचा एक माणूस, खांद्यावर पिशवी, हातात निळा तुकडा, आणि त्याच्यावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली. येणारेजाणारे पालक चित्र बघायचे आणि मग शेजारी उभ्या असलेल्या दाढीवाल्याकडे बघायचे. एक बाई हसली.

तो बराच वेळ चित्रासमोर उभा होता. मग माझ्या मुलीला म्हणाला, "दाढी बरी काढलीस गो. नाक जरा मोठं झालं." मला म्हणाला, गाडी उन्हात लावलीय, निघतो. देवळाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्याचे शुक्रवार बंद झाले. कधी काम, कधी पाहुणे. तिसऱ्या शुक्रवारी चार माणसांचा भात शिजला आणि एकाचा उरला, तेव्हा मला राहवलं नाही. मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं, "मग काकांनी 'मी केलं' असं का सांगितलं?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. आणि लगेच दुरुस्त केलं, माझ्यासाठी.

ती आत गेली. अर्ध्या तासाने चार्ट घेऊन आली. पांढऱ्या रंगाने दाढी खोडली होती आणि त्या चेहऱ्यावर चष्मा काढला होता. माझा, चौकोनी फ्रेमचा. फुली तशीच. "हे काकांना दाखव," ती म्हणाली. "तूच दाखव."

चार्टची गुंडाळी मी गाडीच्या डिकीत ठेवली. वर्कशॉप माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर आहे. मी रोज तिथल्या वळणावरून सरळ पुढे जायचो. मुलगी विचारायची, दाखवलं का? एकदा म्हटलं, काका साइटवर होते. दुसऱ्यांदा म्हटलं, काका सुट्टीवर गेलेत गावाला. एवढ्या सहज बोलून गेलो की माझं मलाच नवल वाटलं.

शनिवारी सकाळी मी चहा घेत होतो. मुलीने माझा फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि त्याला लावला. मला काही कळायच्या आत पलीकडून त्याचा आवाज आला.

"काका, तुम्ही इंडियात आहात? बाबा म्हणाले तुम्ही सुट्टीवर गेलात."

पलीकडे लाकूड कापायचं मशीन चालू होतं. त्याची ती कानठळ्या बसवणारी किरकिर मला झोपेतही ओळखू येईल. दोनतीन सेकंद नुसतं मशीनच ऐकू येत राहिलं. तेवढीच, फाटकापाशी होती तेवढीच.

"हां बाय," तो म्हणाला. "गावीच आहे. घराचं काम काढलंय."

मुलीने फोन ठेवला.

"बाबा, तो वर्कशॉपचा आवाज होता ना?"

"हो," मी म्हटलं. म्हाताऱ्याने विचारलं होतं तेव्हा एवढंच म्हणायचं होतं.

ती चपला घालून दारात जाऊन उभी राहिली. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. किल्ली तिच्याच हातात होती.