काळजीचं प्रमाण विचलन

आमच्या घरी शिक्षणाची सगळी सोय होती. जागा, उजेड आणि शांतता तेवढी नव्हती. पत्र्याची एक खोली. तिच्यात आई, बाप, आम्ही दोघी बहिणी आणि पाण्याचे ड्रम. खोलीतली चांगली जागा ड्रमांना, कारण टँकरचा भरवसा नव्हता. आमचा होता, आम्ही कुठं जाणार!

गाव आमचं भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या अलीकडं. आईबाप दुसऱ्याच्या शेडनेटमध्ये कामाला. तिथं मिरचीचं बियाणं तयार होतं. जाळीखाली वाकून एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाच्या फुलाचा पराग लावायचा, ह्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. कामाला हलका हात लागतो. आणि पोरींचा हात हलका असतो हे लोकांच्या फार लवकर लक्षात येतं. शाळेला सुट्टी लागली की मी प्लॉटवर. दिवसभर मान खाली, अन् संध्याकाळी ती वर करणं हे वेगळंच काम. बियाण्याच्या पाकिटावर लालभडक मिरचीचा फोटो असायचा, पाकीट कुठल्या कुठं जायचं. आम्ही तिथंच.

बारावी झाले तेव्हा बापानं नियम सांगितला.

"एका टायमाला घरातलं एकच माणूस कामावरून कमी होईल. तीन वर्सं तू शीक. तुझं झालं की धाकटी. मधी तू गचकलीस, तर दोघीबी प्लॉटवर. बराबर हाय का?"

बराबर होतं. ह्या नियमात ग्रेस मार्क नव्हते.

मी मानसशास्त्र घेतलं. गावानं लगेच जाहीर केलं की मी येड्यांची डॉक्टर होणार, आणि गिऱ्हाईक कमी पडणार नाही असं वरून सांगितलं. कॉलेजचं नाव मी सांगत नाही. त्यांनी कमानीला नुकताच रंग दिलाय.

पहिल्याच तासाला सर म्हणाले, "मानसशास्त्र हे शास्त्र आहे." दुसऱ्या तासाला त्यांनी फळ्यावर मध्यमान काढलं. गणित टाळायला म्हणून आर्ट्सला आलेल्या मंडळींची तोंडं तेव्हा बघण्यासारखी झाली होती. मग मध्यांक आला, बहुलक आला, आणि शेवटी प्रमाण विचलन. सगळ्यांचे आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत, ते सांगणारं. मला ते चटकन समजलं. काही फुलं धरतात, काही गळतात, सगळी सारखी नसतात, एवढीच तर गोष्ट.

सॅम्पलला पुस्तकात 'नमुना' म्हणतात. सर म्हणाले, "प्रत्येकानं तीस नमुने गोळा करायचे." आमच्या गावात नमुन्यांची कमी नव्हती. निवड मात्र 'यादृच्छिक', म्हणजे ठरवून न केलेली, पाहिजे होती. हा शब्द अख्ख्या वर्गात एकालाही नीट म्हणता येत नव्हता, त्यात सरही आले.

काम असं होतं: चिंतेची एक प्रश्नावली. कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत आणलेली, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यातली विधानं माणसाला वाचून दाखवायची आणि 'नेहमी' ते 'कधीच नाही' ह्यातलं उत्तर लिहायचं. बेरीज जास्त, तर चिंता जास्त. शेवटी वहीवर सरांची सही. सही नाही, तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही. परीक्षा नाही, तर वर्ष गेलं. माझं वर्ष गेलं की बहिणीचं कॉलेजही गेलं, ते वेगळं सांगायला नको.

वर्गातल्या हुशार पोरांनी रूमवर बसून, चहा पीत पीत, एका बैठकीत तीस माणसं तयार केली. मी मूर्ख. मी गावात गेले.

सुरुवात शेजारच्या काकूपासून केली. विधान वाचलं, "मला घरच्यांची काळजी असते."

"म्हंजे?" काकूनं भाकरीचं पीठ मळता मळता वर बघितलं. "न्हाई म्हणून मी कोण, कसाई?"

"काकू, नेहमी का कधीकधी?"

"कधीकधी काळजी करणारी तुझी चुलती आसंल. माझं नेहमी लिही. बिलकुल नेहमी."

पुढचं, "मला उद्याची काळजी असते."

"ज्याला न्हाई त्यो माणूस हाय का? लिही. नेहमी."

पारावरच्या बाप्यांनी तर एकमेकांच्या देखत उत्तरं दिली. पहिला 'नेहमी' म्हणाला, मंग दुसरा मागं कसा राहणार? त्यानं माझ्याकडं बोट करून बजावलं, "माझं याच्याहून जास्तीचं लिही." जास्तीचं असलं काही छापलेलंच नव्हतं. 'क्वचित' ह्या शब्दाला तर कुणी हातच लावला नाही. एकानं विचारलं, हे कुण्या गावचं नाव?

बेरजा केल्या. अख्खं गाव चिंतेनं आजारी निघालं. त्याहून वाईट म्हणजे सगळे सारखेच आजारी. प्रमाण विचलन शून्याला टेकलेलं.

सरांनी वही बघितली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडे तेच राहिले.

"हे तुमचं गाव आहे का लष्कर? सगळे एकाच पायावर?"

"सर, मी स्वतः विचारून आल्ते."

"घरी बसून भरायचं तर निदान थोडं डोकं लावून भरायचं, बाई. हे बघ." त्यांनी शेजारची वही उघडली. रूमवरची तीस माणसं होती ती. काही थोडी चिंतेत, बरीच मधली, काही निवांत. आलेख काढला तर देवळातल्या घंटेसारखा गोल आला होता. "ह्याला म्हणतात फील्डवर्क! नवीन आण. पुढच्या आठवड्यात. नाही तर सही विसर."

वर्गात हसले. घंटावाला पोरगा सगळ्यात जोरात.

घरी येऊन मी पिशवी आपटली. आई चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं. तिला निम्मं कळलं, पण निम्म्यात तिचं भागतं.

"मास्तरला काय पायजे व्हतं? मी लेकरायची काळजी करीत न्हाई आसं म्हणायचं व्हतं का?"

"तसं न्हाई गं आई. त्यानला बघायचंय, तू घाबरून राह्यलीस का."

"मंग तसं इचार ना! घाबरायचं काय? टँकर न्हाई आला तर घोर लागतो, एवढंच. काळजी तर करावीच लागती."

मी भाकरी तशीच ठेवून प्रश्नावली परत वाचली. घोर लागतो. काळजी करावी लागते. आमच्याकडं काळजी हा आजार नाही, ते काम आहे. जो करत नाही तो नालायक. आणि प्रश्नावली तर काळजीनंच भरलेली. मी गावाला चिंता विचारलीच नव्हती. तुम्ही चांगली माणसं आहात का, असं विचारत फिरले होते. कोण नाही म्हणेल?

पुस्तकात ह्याला वैधता म्हणतात: जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का. परीक्षेसाठी मी ती व्याख्या पाठ केलेली होती. पाठ करणं आणि कळणं ह्यांचा सहसंबंध फारसा नसतो.

मी काळजी हा शब्द सगळीकडून खोडला. तिथं लिहिलं: जिवाला घोर लागतो, छातीत धडधडतं, पडल्यावर झोप येत नाही. मग त्याच लोकांकडं परत गेले. काकू म्हणाली, "धडधड? मला? हाट! माझ्या नवऱ्याला इचार, त्यो पाल बघून पळतो." पारावरचे मात्र कमी बोलले, आणि एकेकटे बोलले. ह्या वेळी उत्तरं पसरली. घंटेसारखी नव्हती, वाकडीतिकडीच होती, पण माणसांची होती.

दोन्ही वेळचे कागद घेऊन मी सरांपुढं उभी राहिले.

"परत तेच लोक? आणि शब्द बदलले? कुणाला विचारून?"

"सर, एक विचारू? तुम्हाला घरच्यांची काळजी असते का?"

"हा काय प्रश्न झाला? असणारच."

"नेहमी का कधीकधी?"

"नेहमी! दोन मुली आहेत मला."

"आणि उद्याची?"

"अर्थात नेह..." ते थांबले. माझ्या हातातल्या पेनाकडं बघितलं. मी जुन्या प्रश्नावलीवर त्यांचीही दोन्ही उत्तरं लिहून टाकली होती.

"सर, तुम्ही आमच्याच गावचे निघाले."

बराच वेळ ते दोन्ही गठ्ठे चाळत राहिले. मग वही ओढली, सही केली आणि म्हणाले, "अक्षर सुधार." कौतुक करायची ही त्यांची पद्धत असावी, असं मी समजून घेतलं. पुढच्या सोमवारी त्यांनी वर्गात वैधता शिकवताना काळजी आणि घोर ह्यांचं फार सुंदर उदाहरण दिलं. हे त्यांना कुठं सुचलं ते सांगायला वेळ उरला नाही, तास संपला. घंटावाल्यानं ते उदाहरण वहीत उतरवून घेतलं.

प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला एवढंच विचारलं, "हे लोक खरंच भेटले तुला?" मी म्हटलं, दोनदा.

त्या वर्षी मी पास झाले, पुढच्याही वर्षी झाले, आणि मानसशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. त्याच वर्षी जूनमध्ये, ठरल्याप्रमाणे, मी कामाला लागले आणि धाकटीनं कॉलेजात नाव घातलं.