इंदापूरची शेळी आणि बाभळीच्या शेंगा

शेळी विकताना तोंड भरून बोलायचं आणि विकून झाली की फोन उचलायचा नाही, ही कुठली रीत? इंदापूरच्या त्या शेडवाल्या भाऊंना मी सोमवारपासून फोन लावतेय... रिंग वाजते आणि कट होते.

"ताई, काय बी टाका, खाती," असं म्हणाले होते. मी शेळी आमच्या गावी, लोणी भापकरला आणली आणि बाभळीच्या शेंगा पाटीभर टाकल्या. आमच्या शेळ्या त्याच्यावरच वाढल्यात, मला काय वेगळं वाटणार?

दुसऱ्या दिवशी बघते तर रवंथ बंद. लेंडी नाही, कान पडलेले, आणि त्यात ही गाभण...

डॉक्टर आले ते माझ्यावरच तापले. शेंगेत जो तुरटपणा असतो तो पोटातले बारीक जंतू पचवतात म्हणे. आमच्या शेळ्यांच्या पोटात तसले जंतू तयार झालेत, ही शेडमध्ये वाढलेली, हिच्यात कुठून येणार?

मी म्हटलं, "मग जंतूंचं इंजेक्शन द्या की!"

"ते तुमच्याच गोठ्यात हाय, मावशी. जुन्या शेळीच्या तोंडातला रवंथाचा घास काढा आन् हिला पाजा."

आमच्या चांदी शेळीचा जबडा धरून घास काढला... बोट चावलं तिनं. कोमट पाण्यात कालवून, गाळून, बाटलीनं हळूहळू हिला पाजलं. आमचे हे दारातून म्हणतात, "सुनेला सासूचं उष्टं पाजलंस व्हय गं?" हसू आलं, पण बाटली खाली ठेवली नाही.

आज सकाळी जबडा हलला! थोडाच वेळ... मग परत थांबला.

डॉक्टर म्हणतात, सवयीचा चारा द्या, शेंगा मागाहून थोड्या थोड्या वाढवा. पण हिच्या सवयीचा म्हणजे कुठला? मुरघास, मका, का नुसती पेंड? अंदाजानं काही टाकायची आता छाती होत नाही. पोटातलं पिल्लू पण त्याच्यावरच आहे.

तर भाऊ, तुमचे पाहुणे ही पोस्ट तुम्हाला दाखवतीलच. हिला काय चारत होता आणि एवढ्यात कुठलं औषध पाजलं होतं, ते उद्या शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा. नाहीतर संध्याकाळी मी तुमच्या शेडवर येऊन गव्हाणीत हात घालून बघणार.