बाबा विद्यापीठात जाऊन आले

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. सव्वीस वर्षं झाली. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी वर, मोटारीच्या खोलीत. नुसता आवाज ऐकून सांगतात, हिला अजून वर्षभर काही होत नाही.

बारावीनंतर माझं घोडं अडलं होतं. विद्यापीठात अ‍ॅक्च्युअरियल सायन्सला, म्हणजे विम्याच्या गणिताला, प्रवेश मिळत होता. घ्यावा की नाही, ते ठरत नव्हतं. नाव उच्चारतानाच आत्याची बोबडी वळली. काका म्हणाला, "माणसं कधी मरणार ते मोजायचं? हे कसलं शिक्षण?" बाबा डबा उचलून कामावर गेले. मला वाटलं, त्यांनाही पटलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी, कामाच्या सुट्टीला, ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, ते संध्याकाळी परतले. विद्यापीठात गेले होते. विचारत विचारत विभाग गाठला आणि शिकवणाऱ्या बाईंची परवानगी काढून शेवटच्या बाकावर दोन तास बसून आले.

"काय कळलं?" आईने विचारलं.

"ओ की ठो नाही. म्हणून तास संपल्यावर बाईंना गाठलं. म्हटलं, लिफ्टचा दोर तुटायच्या आधी बदलावा लागतो. कधी तुटणार, ते तुमचं गणित सांगेल का? म्हणाल्या, एका दोराचं नाही सांगता येणार. हजार असतील तर यंदा त्यातले किती जातील, ते सांगू."

हे सांगताना बाबांचा चेहरा खुलला होता.

"मग घेऊ प्रवेश?" मी विचारलं.

"मला आवडलं म्हणून घेऊ नकोस. शिकायचंय तुला. बाईंनी दोन दिवस वर्गात बसायला बोलावलंय. अवघड आहे, एवढं मात्र खरं."

मी जाऊन बसले. पहिला दिवस सगळा डोक्यावरून गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं एक गणित बाईंच्या आधी माझ्या वहीत सुटलं. घरी येऊन मी अर्ज भरला.

पहिल्याच सहामाहीत संभाव्यतेच्या पेपरात नापास झाले. घरी येऊन निकाल दाखवला. बाबा नखांतलं ग्रीस धुऊन समोर बसले. "कुठे अडलं ते सांग. मला कळेपर्यंत सांग."

तीन आठवडे मी सांगत होते. ते 'म्हणजे काय?' विचारत होते, आणि उत्तर देताना माझ्याच चुका मला दिसत होत्या.

फेरपरीक्षेत पास झाले. फोन केला तेव्हा बाबा कुठल्याशा अकराव्या मजल्यावर कामात होते. "बरं झालं," म्हणाले. "संध्याकाळी पुढचा धडा सांग."