मंगळवारचं कमळ

समोरच्या नलूकाकू एकट्याच राहायच्या. दर रविवारी दारात सात रांगोळ्या काढायच्या. एक झाली की मोबाइलवर फोटो, मग ओल्या फडक्याने पुसून तिथेच दुसरी. भाचीने फोनमध्ये सोय करून दिली होती. रोज सकाळी सातला त्यातली एक आपोआप फेसबुकवर जायची.

"काकू, एवढी सुंदर रांगोळी पुसवते कशी हो?" मी एकदा विचारलं.

"ठेवून काय करू? इथे कोण येतंय बघायला! तिकडे दोनशे जणी बघतात."

त्या दोनशेंत मीही होते. सोमवारी मोराला लाल बदाम दिला, मंगळवारी कमळाला. बुधवारी तर लिहिलं, 'काकू, आज फारच प्रसन्न!' त्यांच्या दारापासून चार पावलांवर, माझ्या ओट्यापाशी उभी राहून. रोज दिसणारं माणूस बरंच असणार, असं आपण धरून चालतो.

गुरुवारी वास आला म्हणून दार फोडलं. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पडल्या सोमवारी असाव्यात. पण मंगळवारी दुपारपर्यंत जीव होता."

शुक्रवारी सातला नवी रांगोळी आली. मी वर सरकवून मंगळवारचं कमळ काढलं. माझा बदाम तिथे होता, सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी दिलेला.